‘लेबल सुटलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रति,
मा. भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : चिकट लेबलं आणि टेप यांच्या धंद्यातल्या शब्दांचे अर्थ ठरवून मिळण्याबाबत.

महोदय,



मी श्रीपूरला राहतो, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. चिकट लेबलं छापून देण्याचा माझा लहानसा व्यवसाय आहे. डाळिंबाच्या बॉक्सवरची, केळीच्या खोक्यावरची, काकवीच्या बाटलीवरची, लोणच्याच्या बरणीवरची अशी सगळी लेबलं आम्ही छापतो. जोडीला पॅकिंगच्या टेप विकतो. आपल्याकडे मला अनुदान मागायचं नाही की दुकानाच्या पाट्यांचा विषय काढायचा नाही. या धंद्यात रोज तोंडात असलेल्या शंभरेक शब्दांचे अर्थ मराठीत पक्के करून द्या, एवढंच मागणं आहे. नवे शब्द घडवायची घाई नको. चालू शब्दांचा अर्थ ठरवा आणि तो अर्थ तपासायचा कसा, तेही त्याच नोंदीत लिहा.

हे काम उद्योग खात्याचं आहे, असं आपल्या कार्यालयातलं कुणी म्हणेल. पण आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं मालावरून होत नाहीत, शब्दावरून होतात. म्हणून हे पत्र आपल्याकडे.

गेल्या हंगामात एका पॅकहाउसमधून फोन आला, “तुमची लेबलं सुटली.” कशी सुटली, असं विचारलं. “सुटली म्हणजे सुटली, त्यात कशी काय?” पुढं बिलातून रक्कम कापली गेली. मी तिकडं जाऊन बॉक्स पाहिले तेव्हा तिथं एकच प्रकार नव्हता. कारण ‘सुटलं’ या एका शब्दात निदान पाच वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली : लेबल अलगद निघालं, सगळा गोंद लेबलाच्या पाठीवर आणि बॉक्स कोरडा. म्हणजे गोंद बॉक्सला लागलाच नव्हता. तिथं धूळ, ओल किंवा मेण होतं. दुसरी : थोडा गोंद लेबलावर, थोडा बॉक्सवर, ओढताना मध्ये तारा. म्हणजे गोंद दोन्हीकडं नीट लागला होता, पण पोटातून फाटला. उन्हानं मऊ पडला किंवा भार झेपला नाही. तिसरी : सगळा गोंद बॉक्सवर आणि हातात नुसता कागद. म्हणजे गोंद मुळात लेबलाच्या कागदालाच नीट बसला नव्हता. हा दोष कच्च्या मालाचा. चौथी : लेबलाबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्राच उचकटून आला. यात गोंदाला शाबासकी द्यायला हवी, पुठ्ठा हलका निघाला. पाचवी : लेबल मधोमध घट्ट, पण कोपरे उभे. लहान घेराच्या बाटलीवर ताठ फिल्म लावली की ती पुन्हा सपाट व्हायला बघते, आणि कोपऱ्यापासून उचलते.

या पाचांत पैसे कुणी सोसायचे, याची उत्तरं वेगवेगळी आहेत. पहिल्यात बहुधा लावणाऱ्यानं, तिसऱ्यात कागद पुरवणाऱ्यानं, चौथ्यात पुठ्ठ्याच्या कारखान्यानं, पाचव्यात चुकीची फिल्म सुचवणाऱ्यानं. म्हणजे तो मीही असू शकतो. दुसऱ्यात गोंद, गोदाम आणि गाडी या तिघांकडं बघावं लागतं. तक्रारीच्या कागदावर मात्र एकच ओळ येते, ‘लेबलं सुटली’. मग ज्याचं बिल देणं बाकी आहे, त्याच्याच माथी नुकसान बसतं.

उलट बाजूही ऐका. लेबलाच्या शीटला आमच्याकडं ‘गमिंग शीट’ म्हणतात. तिच्यात वरून खाली चार थर असतात. वर छपाईचा क्रोमो कागद किंवा बॉपची (बीओपीपी या प्लास्टिकची) फिल्म. तिच्याखाली गोंद, साधारण वीस मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी पातळ. त्याखाली सिलिकॉनचा लेप. आणि तळाला तो लेप दिलेला कागद, जो आपण सोलून टाकून देतो. छापून झाल्यावर डाय अशी मारायची की वरचा कागद आणि गोंद कापला जावा, खालचा कागद शाबूत राहावा. याला ‘हाफ कट’ म्हणतात. डाय जरा खोल गेली की सिलिकॉनचा लेप चिरतो, गोंद खालच्या कागदात उतरतो आणि लेबल सोलताना तिथंच अडकतं. तेव्हा फोन येतो, “लेबल सुटत नाही.” म्हणजे एकाच दिवशी एका गिऱ्हाइकाचं लेबल सुटतं म्हणून तक्रार, दुसऱ्याचं सुटत नाही म्हणून तक्रार. आणि त्या तळाच्या कागदाला कुणी रिलीज म्हणतं, कुणी बॅकिंग, कुणी लायनर, कुणी नुसतं ‘मागचा पेपर’. ऑर्डर घेताना ‘पेपर कोणता देऊ?’ असं विचारलं, तर वरचा की खालचा, इथून सुरुवात होते.

आता ‘चिकट’ या शब्दाकडं या. गिऱ्हाईक विचारतं, “गोंद चांगला चिकट आहे ना?” या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. टेकवल्या टेकवल्या पकडतो का? सोलायला किती जोर लागतो? आणि भार टांगला तर न सरकता किती वेळ टिकतो? इंग्रजीत यांना टॅक, पील आणि शिअर म्हणतात, आणि तिन्ही मोजायच्या रीती ठरलेल्या आहेत. युरोपातल्या लेबल उद्योगाची फिनॅट ही संघटना १९५८ सालची. तिच्या रीतीनं सोलण्याचा जोर मोजताना २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटवतात, १८० अंशांत उलटी वळवतात आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर या वेगानं ओढतात. एकदा चिकटवल्यावर वीस मिनिटांनी, एकदा चोवीस तासांनी. सरकण्याची चाचणी घेताना २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोन चिकटवून त्याला एक किलोचं वजन टांगतात आणि ते पडायला किती वेळ लागतो, ते बघतात. पहिली पकड बघायला पट्टीचा वेढा करून काचेला नुसता टेकवतात आणि लगेच वर ओढतात.

या तीन गुणांची मजा अशी की ते बरोबरीनं वाढत नाहीत. मऊ गोंद पटकन पकडतो, पण भार आला की सरकतो. कडक गोंद भार पेलतो, पण थंड बॉक्सवर टेकवला तर धरतच नाही. म्हणजे ‘चिकट’ एवढ्या शब्दावर सौदा केला की दोघांच्या मनात दोन वेगळे गोंद असतात. शिवाय या गोंदाची जात खळ किंवा डिंकापेक्षा वेगळी. खळ वाळली की काम संपलं. लेबलाचा गोंद कधी वाळत नाही. तो दाबानं लागतो आणि पृष्ठभागाच्या बारीक खाचांत हळूहळू उतरत राहतो. वीस मिनिटांनी आणि चोवीस तासांनी अशी दोनदा चाचणी घेतात ती याचसाठी. थंडीत हे उतरणं मंदावतं.

सोलापूर जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. आमच्या डाळिंबाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे; केळी आणि द्राक्षं परदेशी जातात. केळी साधारण १३ अंशांवर ठेवतात, त्याखाली नेली की साल काळवंडते. द्राक्षं शून्याच्या आसपास असतात. गोंदाच्या माहितीपत्रकावर दोन वेगळी तापमानं दिलेली असतात : कमीत कमी किती अंशांवर लावायचा, आणि एकदा लागल्यावर किती थंडी-उष्णता सोसेल. दुसरा आकडा उणे असतो, पहिला सहसा नसतो. पत्रक इंग्रजीत, वाचणारा घाईत. ‘उणे वीसपर्यंत चालतं’ एवढंच डोक्यात राहतं आणि लेबलं शीतगृहातून काढलेल्या, घाम फुटलेल्या बॉक्सवर लावली जातात. ती पडतात, तेव्हा गोंदाला शिव्या बसतात.

पॅकहाउसमध्ये लेबलं लावणाऱ्या बायकांना हे सगळं पत्रक न वाचता कळतं. त्यांचं काम उभं राहून बघण्यासारखं असतं. केळीच्या फण्या पाण्याच्या टाकीतून निघतात, हात ओले असतात. लेबलावर बसणारी बाई हात पुसून कोरड्या फडक्यानं बॉक्सचा कोपरा पुसते, रोलवरून लेबल सोलते, आधी मधोमध टेकवते आणि अंगठ्यानं बाहेरच्या बाजूला दाबत नेते. कोपऱ्यावर अंगठा दोनदा फिरतो. असं का, विचारलं तर म्हणते, “कोपरा उचलला की सगळंच जातं.” थंड बॉक्स समोर आला की म्हणते, “हे आत्ता धरणार नाही, जरा राहू द्या.” उन्हाळ्यात रोलच्या कडेला गोंद आला की म्हणते, “गोंद पाझरायला लागलाय.” कागद हलका असला की “फाटतंय, सुटत नाही.”

धरणं, उचलणं, सरकणं, पाझरणं, फाटणं, तारा सुटणं. हे सगळे शब्द तिच्या बोलण्यात आधीच आहेत, आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या दोषावर आहे. नाहीये ते एवढंच, की तिचा ‘उचलला’ आणि मॅनेजरचा ‘सुटला’ यांतला फरक कुठं लिहून ठेवलेला नाही. तक्रार वर जाताना तिचे सहा शब्द गळतात आणि एक उरतो.

महोदय, शब्द परका आहे म्हणून अडतं, असं मला वाटत नाही. याचा दाखला आमच्याच गावात आहे. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं श्रीपूरला साखर कारखाना उभा केला. आज श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथं आहे. इथल्या कुठल्याही पारावर बसा, ‘रिकव्हरी’ हा शब्द कानावर येईल. शाळा अर्ध्यावर सोडलेला शेतकरीही तो अचूक वापरतो. उसाच्या वजनाच्या शेकडा किती साखर निघाली, ती रिकव्हरी. कारण त्याचा दर त्या शब्दाला बांधलेला आहे : २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलमागं ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. तीच गोष्ट साखरेच्या प्रतीची. ‘एस’ की ‘एम’ यावर व्यापारी आणि कारखाना हुज्जत घालत बसत नाहीत, कारण कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था दर हंगामाला प्रमाण नमुने काढते. नमुन्याची बाटली शेजारी ठेवायची आणि दाणा-रंग ताडून बघायचा. शब्द इंग्रजी असेना का, त्याचा अर्थ ठरलेला आहे आणि तपासायची सोय आहे, म्हणून तो पूर्णपणे आमचा झाला. लेबल आणि टेपच्या धंद्याला हीच बाटली हवी आहे.

टेपचं उदाहरण देतो. पुठ्ठ्याचे बॉक्स बंद करायची तपकिरी टेप सगळ्यांच्या परिचयाची. बाजारात ती ‘दोन इंची, पासष्ट मीटर, चाळीस मायक्रॉन’ अशी मागतात. दोन इंची म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ४८ मिलिमीटरची असते, तेवढं ठीक. पण चाळीस मायक्रॉन म्हणजे काय? नुसती फिल्म चाळीस, की फिल्म अधिक गोंद चाळीस? बहुतेक ठिकाणी तो आकडा दोन्ही मिळूनचा असतो. तेवीस मायक्रॉनची फिल्म आणि सतराचा गोंद, बेरीज चाळीस. दुसरा एखादा फिल्म तेवढीच ठेवतो, गोंद कमी करतो आणि आकडा मात्र चाळीसच सांगतो. घेणारा रोल बोटांत चाचपतो, वजनाला जड लागला की खूश होतो. वजन कधी कधी मधल्या जाड पुठ्ठ्याच्या नळीचं असतं. ‘जाडी म्हणजे गोंदासह एकूण जाडी’ एवढी एक व्याख्या मराठीत सर्वमान्य झाली, तर ही फसवणूक निम्मी तरी कमी होईल.

सरकारी खरेदीतही हेच. टेप आणि लेबलांच्या निविदांत ‘उत्तम दर्जाची चिकटपट्टी’, ‘चांगल्या प्रतीचे स्टिकर’ अशी वाक्यं मी पाहिली आहेत. उत्तम कशात? पकडण्यात, सोलण्यात की भार पेलण्यात? कार्यालयाच्या फाइलवर लावायचं लेबल पुढं न फाटता निघावं लागतं. औषधाच्या बाटलीवरचं कधीच निघू नये. एकाला जे उत्तम, ते दुसऱ्याला वाईट. निविदेतला शब्द मोघम असला की सगळ्यात स्वस्त माल ‘उत्तम’ ठरतो.

कायद्यातही शब्दाचा अर्थ पैशाचा होतो. आवेष्टित वस्तूंबाबतच्या वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार, पाकिटावर सक्तीनं द्यायची माहिती बदलण्यासाठी किंवा देण्यासाठी वेगळं स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी केली असेल तर नव्या कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण त्यानं मूळ छापील किंमत झाकायची नाही. हा नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. मात्र काकवी भरणारं माझं गिऱ्हाईक विचारतं, “मग तुम्ही छापून देता ते लेबल, की स्टिकर?” त्याच्या बाटलीवर सगळी माहिती माझ्याच चिकट कागदावर आहे. बोलीत आपण दोन्ही शब्द अदलाबदलीनं वापरतो. नियमाच्या संदर्भात लेबल कशाला म्हणायचं आणि स्टिकर कशाला, हे दोन ओळींच्या सोप्या मराठीत कुणीतरी अधिकारानं लिहायला हवं. ते आपण आणि वैधमापन यंत्रणेनं मिळून लिहावं.

या धंद्यातले शब्द मुळात आले कुठून, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारींना दोन रंग द्यायची टूम निघाली. एक रंग देताना दुसरा झाकायला रंगारी कागद चिकटवायचे आणि तो काढताना ताजा रंगही सोलून यायचा. थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी ती अडचण पाहिली आणि १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. धरेल, पण सोडताना रंग ओढणार नाही अशी. १९३० साली त्यांनीच पारदर्शक सेलोफेनची टेप काढली. स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये सोलून लावायच्या लेबलांचा धंदा सुरू केला. या लोकांनी आणि त्यांच्या कारागिरांनी जे शब्द वापरले, ते गॅरेजमधले आणि कारखान्यातले होते. सोलणं, सरकणं, पाझरणं, कोपरा झेंड्यासारखा उभा राहणं. पुढं त्याच साध्या शब्दांना चाचण्या जोडल्या गेल्या. युरोपात तर टेपच्या परिभाषेसाठी ईएन १२४८१ हे स्वतंत्र मानकच आहे. कुणी ग्रीक-लॅटिनमधून भारदस्त शब्द आणून ठेवले नाहीत. कारागिराच्या शब्दाला व्याख्या दिली आणि ती सगळ्यांनी मान्य केली.

आपल्या संचालनालयाच्या कामाबद्दल मला आदर आहे, हेही इथं नोंदवतो. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, आपली स्थापना झाली. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश आणि निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश आपण काढले. आज तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत कारभार मराठीत चालतो, त्यामागं ते कष्ट आहेत. मराठी विश्वकोशातही ‘आसंजके’ ही नोंद आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘आसंजन’ शोभतं आणि तिथं ते असावं. पण पॅकहाउसमध्ये ‘आसंजन कमी पडलं’ असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणालं तरी वरच्या पाचांपैकी नेमकं काय झालं ते कळणार नाही. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द, अशी यादी भाषांतरकाराला उपयोगी पडते. कामगाराला, दुकानदाराला आणि पोलिटेक्निकच्या मुलाला व्याख्या लागते.

पोलिटेक्निकचा उल्लेख सहज केलेला नाही. २०२१-२२ पासून आपल्याकडं पदविकेचं शिक्षण मराठी-इंग्रजी मिश्र माध्यमातून घेण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पदवीचा वर्ग मराठीतून सुरू झाला. ही मुलं उद्या पॅकेजिंगच्या, छपाईच्या, अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत जातील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण त्या मुलांच्या हातात धंद्याची भाषा आली नाही, तर ती परीक्षा मराठीत देतील आणि काम मोडक्या इंग्रजीत करतील.

आता नेमकं काय करावं, ते माझ्या अल्पमतीप्रमाणं सांगतो.

पहिलं, कोश मोठा नको. पहिल्या खेपेला शंभर नोंदी पुरेत. लेबल, स्टिकर, टेप, फिल्म, रोल, कोर, डाय, लॅमिनेशन हे शब्द आहेत तसे ठेवा. ते मराठीच झाले आहेत. जिथं बोलीत नेमका शब्द आहे, तिथं तो पुढं आणा. टॅकला ‘पहिली पकड’, पीलला ‘सोलजोर’, मागच्या कागदाला शिंप्याच्या बोलीतलं ‘अस्तर’. ‘चिकट’ आणि ‘चिवट’ हे दोन शब्द तर आपल्याकडं तयारच आहेत. गोंद दुसऱ्याला धरतो तो चिकटपणा, आणि ओढल्यावर स्वतः पोटातून फाटत नाही तो चिवटपणा. हे माझे प्रस्ताव आहेत. अधिक चांगले निघाले तर आनंदानं घेऊ.

दुसरं, प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : शब्द, त्याची बोलीतली इतर नावं, दोन ओळींची व्याख्या, मोजायची किंवा ओळखायची रीत, आणि चित्र. सुटलेल्या लेबलाचे पाच फोटो एका पानावर छापले, तर निम्मी भांडणं त्या पानावर मिटतील. जिथं भारतीय मानक आहे, तिथं त्याचा क्रमांक द्यावा. विजेच्या कामाच्या टेपसाठी आयएस ७८०९ आहे. इन्सुलेशन टेप मागायला आलेल्या वायरमनला हा आकडा माहीत असणं त्याच्या जिवाशी निगडित आहे.

तिसरं, समितीत प्राध्यापक असावेतच, पण त्यांच्या जोडीला छपाईवाला, गोंद-कागद पुरवणारा, आयटीआयचा निदेशक, वैधमापन निरीक्षक आणि लेबल लावणारी किमान एक कामगार बाई असावी. बैठका मुंबईतच घेऊ नका. एखादी रांजणगावला, एखादी चिंचोळी एमआयडीसीत, एखादी अकलूजला घ्या. शब्द जिथं वापरले जातात, तिथं बसलं की लवकर सापडतात.

चौथं, कोश निघाल्यावर तो कपाटात राहू नये म्हणून शासनानं स्वतः तो वापरावा. लेबल आणि टेपच्या प्रत्येक मराठी निविदेत रुंदी, लांबी, एकूण जाडी, सोलजोर आणि लावण्याचं तापमान हे रकाने याच शब्दांत यावेत. सरकार मोठं गिऱ्हाईक आहे. त्यानं शब्द नेमका वापरला की बाजार आपोआप वापरू लागतो.

‘इंग्रजीत सगळं उपलब्ध आहे, मग हा खटाटोप कशाला,’ असं विचारणारे भेटतील. त्यांना माझं उत्तर साधं आहे. इंग्रजी माहितीपत्रक मोठ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला कळतं, म्हणून त्याचे पैसे बुडत नाहीत. बुडतात ते बचत गटाच्या लोणच्याचे, शेतावर डाळिंब भरणाऱ्याचे आणि आमच्यासारख्या लहान छपाईवाल्याचे. शिवाय ज्ञान फक्त वरून खाली येतं असंही नाही. थंड बॉक्सवर गोंद कधी धरतो, हे त्या बाईला हातानं कळलेलं आहे. तिचा शब्द कोशात गेला, तर तिचं म्हणणं तक्रारीच्या कागदावर पुरावा म्हणून उभं राहील.

आपण होकार दिलात, तर माळशिरस तालुक्यातल्या पॅकहाउस आणि छापखान्यांतून शब्द गोळा करायचं काम मी बिनमोल करीन. सुटलेल्या लेबलांचे नमुने, त्यांचं कारण लिहून, आपल्या कार्यालयाकडं पाठवीन. महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या हद्दीत एक बैठक घ्यायची असेल, तर जागेची आणि चहाची सोय आमची. नोव्हेंबरनंतर या, गाळप चालू असतं, डाळिंबाचीही गडबड असते, आणि सगळी माणसं कामावर सापडतात. शंभर शब्दांना एक वर्ष पुरेल. तेवढं वर्ष या कामाला द्यावं, ही विनंती.



आपला,
एक लेबल छापणारा,
श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर